वॉरनसाठी फोर्क

१३ ऑक्टोबर, सोमवार. कॅनडातला थँक्सगिव्हिंगचा सण.

आजपासून रोजनिशी. विषय सायकल. बाकी भानगडी इथे लिहायच्या नाहीत, असा नियम करतो.

जेवायला वॉरनकडे. घटस्फोट झाल्यापासून टर्की मी त्यांच्याकडेच खातो. वॉरनची बायको कोलीन म्हणते, तू आमचा दत्तक मुलगा, फक्त आणताना वय बघायचं राहिलं. टर्की नेहमी वॉरन कापतो. आज त्याने सुरी माझ्याकडे सरकवली. म्हणाला, इतकी वर्षं आयता गिळतोयस, आता जरा काम कर. मी कापली. तुकडे बघून कोलीन म्हणाली, ही बिचारी ट्रकखाली गेली होती का रे?

मुद्द्यावर येतो. काल सायकलने उतरताना वॉरन सरळ सीडरच्या झाडावर जाऊन आदळला. वळण सोपं, आंधळ्यालाही जमेल असं. म्हणतो, डाव्या हाताची बोटं ब्रेकवर होती, पण दाबलीच गेली नाहीत. विमा कंपनीसाठी अपघातांची कारणं शोधणं हा माझा धंदा आहे. कारण तिथल्या तिथे कळलं. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि दणके गिळणारा दुशाखी भाग. वॉरनचा फोर्क त्याच्या दाढीपेक्षा जुना. आतलं तेल कधीच गेलेलं, त्यामुळे प्रत्येक मुळाचा आणि दगडाचा दणका थेट मनगटात. हात आंबतो, बोटं ऐकत नाहीत.

निष्कर्ष: नवा फोर्क. निवड मी करणार. वॉरनला विचारण्यात अर्थ नाही, तो रंग बघून घेईल.

मुदत मे महिना. मे महिन्यात आमची वाट उघडणार आहे. गावामागच्या डोंगरावर आम्ही दोघांनी हिवाळ्यामागून हिवाळे खणून काढलेली सायकलची वाट. आमच्या स्क्वामिशमध्ये याबाबत एकच नियम आहे आणि तो कुठेही लिहिलेला नाही. ज्याने वाट बांधली त्याचं चाक आधी. तो खाली पोचेपर्यंत बाकीचे सगळे वर थांबतात, आणि खाली पोचल्यावर तो वाटेचं नाव सांगतो. कल्पना वॉरनची, म्हणून पहिलं चाक त्याचं. दुसरं माझं.

१९ ऑक्टोबर, रविवार.

दिवसभर वाचन. प्रश्न वाटला त्यापेक्षा खोल आहे. फोर्क हवेचा की स्प्रिंगचा? हवेचा हलका, माणसाच्या वजनाप्रमाणे पंपाने हवा भरायची. स्प्रिंगचा जड, पण बारीक खडखडाट गिळून टाकतो. शिवाय किती दबणारा घ्यायचा, नळ्या किती जाड घ्यायच्या. लोक उगाच घाई करतात.

इंटरनेटवरच्या सायकलवाल्यांच्या चर्चेत वॉरनच्या हाताचं सगळं वर्णन टाकलं आणि कोणता फोर्क म्हणून विचारलं. कॅलगरीच्या कुणा इसमाने उत्तर दिलं की हात असा जात असेल तर डॉक्टरला दाखवा, फोर्कवाल्याला नको. उद्धट. त्याला ब्लॉक केलं.

संकल्प: रोज वीस जोर. उद्यापासून, कारण आज वाचून पाठ धरली आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार.

वाटेवर काम. पाऊस. गेल्या आठवड्यातलाच, थांबलेला नाही.

वॉरनच्या हातातून कुदळ दोनदा निसटली. हातमोजे ओले होते. मी तसं म्हटलं. तोही म्हणाला, हो रे, मोजेच भिकार आहेत. मग बादली घेतली, तीही ठेवली. नंतर एका दगडावर बसून मला हुकूम सोडत राहिला, तो दगड इकडे, नाही तिकडे, पुन्हा इकडे. म्हणाला, मला बढती मिळाली आहे, मी आता इंजिनियर, तू गाढव. मी गाढवासारखं काम केलं. खरं तर मजा आली.

घरी निघताना त्याने मोजे काढले. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग असतो, तो डाव्या हाताला राहिलाच नाहीये. खड्डा पडलाय. मी बराच वेळ बघत राहिलो असणार, कारण त्याने हात खिशात घातला.

निष्कर्ष: हँडलच्या कडक मुठी. त्याही बदलणे. पण आधी फोर्क.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

हवेचा घेतला. काळा, नळ्या सोनेरी. किंमत लिहीत नाही.

दुकानदार स्टू म्हणाला की वॉरनला घेऊन ये, मोजमाप करू. मी म्हटलं की सरप्राइज आहे. स्टू म्हणाला, गार्थ, पन्नाशीतल्या माणसांना सरप्राइज आवडत नाही, त्यांना बसायला खुर्ची आवडते. दुकानदार असून विकायची इच्छा नाही, असा माणूस.

हवा भरायला वॉरनचं वजन लागणार, म्हणून संध्याकाळी त्याला त्यांच्या न्हाणीघरातल्या काट्यावर उभा केला. कितीतरी कमी भरलं. म्हणजे गडी गुपचूप डाएट करतोय. मला पत्ता लागू न देता. समोर बटर टार्ट ठेवला तर अर्धाच खाल्ला. मेमध्ये मला लाजवायचा डाव दिसतो.

मीही वजन कमी करणार. उरलेला अर्धा टार्ट मी संपवला, कोलीनने मेहनतीने केला होता म्हणून.

७ डिसेंबर, रविवार.

फोर्क बसवताना किरकोळ अडचण.

फोर्कचा वरचा दांडा सायकलच्या गळ्यातून वर येतो आणि तो मापाने कापावा लागतो. मी मोजलं. अचूक मोजलं. फक्त माझ्या सायकलवर मोजलं, कारण गॅरेजमध्ये तीच होती. वॉरनच्या सायकलचा गळा उंच आहे. कापलेला दांडा आत गेला आणि आतच राहिला.

यात चूक कोणाची ते ठरवणं अवघड. सायकली बनवणाऱ्यांनी सगळ्यांचे गळे सारखे ठेवायला काय हरकत होती? शिवाय करवत नवी होती, फार पटकन चालली.

वॉरनला फोनवर सांगितलं. इतका हसला की खोकला लागला, आणि खोकला थांबेना. मग कोलीनने फोन घेतला. म्हणाली, गार्थ, तू ये ना एकदा, बोलायचं आहे. मी म्हटलं की येतो, पण हा आठवडा गडबडीचा आहे.

हा फोर्क आता माझ्या सायकलला. टाकून थोडाच द्यायचा?

१४ जानेवारी, बुधवार.

कोलीनने फोन केला. मी जात नाही म्हटल्यावर तिने फोनवरच सांगितलं. व्हँकुव्हरच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सुया घालून, विजेचे झटके देऊन. तीन इंग्रजी अक्षरांचं नाव आहे आजाराचं. हातापासून सुरू होतो आणि मग हातावर थांबत नाही. औषध म्हणावं असं नाही.

ती तीन अक्षरं इथे लिहिणार नाही. ही रोजनिशी सायकलची आहे.

कोलीन रडत नव्हती. एखाद्या लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होती. मी विचारलं की डॉक्टर सायकल चालवतात का. ती म्हणाली, मला नाही माहीत रे.

फोन ठेवला. गॅरेजमध्ये जाऊन सगळे पाने मापाप्रमाणे लावले. ते आधीपासूनच मापाप्रमाणे होते.

डॉक्टरांची चूक होत नाही असं नाही. माझ्या धंद्यात मी मोठमोठ्या इंजिनियरांचे अहवाल फिरवले आहेत. खडबडीत वाटेवर वर्षानुवर्षं दणके खाल्लेला हात त्यांनी कधी बघितला असेल?

निष्कर्ष: हवेचा नकोच होता. स्प्रिंगचा हवा.

१ फेब्रुवारी, रविवार.

स्प्रिंगचा फोर्क मिळाला. पेंबरटनच्या एका माणसाकडून, वापरलेला पण जपलेला. या वेळी दांडा कापायचं काम स्टूकडे दिलं. मला जमत नाही म्हणून नाही, करवत बोथट झाली आहे म्हणून.

वॉरनच्या घरासमोर चाचणी. त्याला सायकलवर बसवला. एका बाजूने मी धरलं, उगाच, सवय म्हणून. त्याने रस्त्यावर एक मोठी फेरी मारली. पाय उत्तम चालतात. माझ्याकडे बघून म्हणाला, लोण्यासारखा आहे रे. मी हे शब्द मुद्दाम लिहून ठेवतो. लोण्यासारखा. कोलीन खिडकीत उभी होती. तिला हात केला. तिने केला नाही, भांडी घासत असावी.

उतरताना पडला. थांबलेल्या सायकलवरून. रस्त्याला तिथे उतार आहे, नगरपालिकेला कळवायला हवं. हनुवटीला लागलं. मी रक्त पुसत होतो तर म्हणतो, अहवालात काय लिहिणार, रस्ता दोषी की फोर्क? मी म्हटलं की रस्ता. म्हणाला, शाबास.

एकंदर चाचणी यशस्वी.

१० मार्च, मंगळवार.

कोलीन मंगळवारी लायब्ररीत कामाला जाते. तिने मला येऊन बसायला सांगितलं. दोन अटी. वेळेवर ये, आणि सायकलचे सुटे भाग आणू नकोस.

मुठी सुटा भाग नाही, म्हणून जाकिटाच्या खिशातून नेल्या. रबरी, मऊ. वॉरनने हातात घेतल्या. घेतल्या म्हणजे मी त्याच्या हातात ठेवल्या. बोटं मिटली नाहीत. म्हणाला, छान आहेत, पण हा रंग मला जाणार नाही.

शर्टाला बटणं नाहीत आता, चेन आहे. कॉफी स्ट्रॉने पितो. पिता पिता ठसका लागला, तेव्हा मी इतका घाबरलो की त्याच्या पाठीवर थापट्या मारत बसलो. नंतर म्हणाला, गार्थ, मी आजाराने नाही जाणार, तुझ्या थापट्यांनी जाईन.

मी हसलो. गाडीत बसल्यावर लगेच निघता आलं नाही. काचांवर वाफ धरली होती.

संकल्प: मंगळवार चुकवायचा नाही. जोर अजून सुरू व्हायचे आहेत.

१८ एप्रिल, शनिवार.

स्प्रिंगचा फोर्क जड पडतोय. सायकल ढकलत नेताना फुटपाथवर पुढचं चाक चढवायला वॉरनने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण मला कळलं. वजन ही मुख्य गोष्ट होती, आणि इतके महिने मी ती बाजूला ठेवली.

स्टूकडे गेलो. सगळ्यात हलका कोणता ते विचारलं. स्टूने हातातलं काम ठेवलं. म्हणाला, गार्थ, दुकानातली वाटेल ती वस्तू मागून बघ, मी देतो. फोर्क नाही देणार. मी विचारलं की का. म्हणाला, का ते तुला माहीत आहे. मी म्हटलं की गिऱ्हाईक मी आहे. म्हणाला, तू गिऱ्हाईक नाहीस, तू वॉरनचा मित्र आहेस, त्याच्याजवळ जाऊन बस.

व्हिसलरला जाऊन घेतला. तिथे कोणी काही विचारत नाही. हलका आहे. एका हाताने उचलता येतो. मला.

१० मे, रविवार.

फोर्क बसवला. हवा अगदी कमी भरली, कारण वजन आणखी उतरलंय. एक दमडीचं नाणं ठेवलं तरी दबेल असा केला.

वाटेवरून शेवटची फेरी. मी एकटाच गेलो, हातात दंताळं. मधल्या कातळावरची सीडरची पानं काढली. दोन वळणं थोडी रुंद केली. मग आणखी थोडी रुंद केली. एका जागी इतकी रुंद केली की तिथून खाट नेता येईल.

हवामानखातं शनिवारी ऊन म्हणतंय. वॉरन उतरणार. माझी खात्री आहे.

१६ मे, शनिवार.

जसं झालं तसं लिहितो.

निम्मं गाव वर जमलं होतं. ऊन खरंच पडलं. कोलीन खाली वाटेच्या तोंडाशी राजमा-खिम्याच्या चिलीचं मोठं पातेलं घेऊन थांबली होती. वॉरनला स्टूच्या ट्रकमधून वर आणलं. आता काठी घेऊन चालतो. मी सायकल तयार धरून उभा होतो. सांगत सुटलो, हवा किती भरली आहे, फोर्क दबून परत येण्याचा वेग किती ठेवलाय, उतारावर वजन मागे घे. तो ऐकत होता. सगळं ऐकून घेतलं. मग काठी स्टूकडे दिली आणि हँडलवर हात ठेवला. ठेवला, धरला नाही.

म्हणाला, नियम पहिल्या चाकाचा आहे, पहिल्या बुडाचा नाही. चल, धर त्या बाजूने.

आणि चालायला लागला.

आम्ही आमची वाट चालत उतरलो. मधे सायकल, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. त्याचा भार सगळा सायकलच्या सीटवर. वर एवढी माणसं, पण कोणी हललं नाही. सायकलवर एका गाण्याएवढा वेळ लागेल अशी वाट, आम्हाला दुपार लागली. प्रत्येक दगडापाशी थांबत होता. हा तू उलटा बसवला होतास. इथे तुझ्या पायावर फावडं पडलं होतं. इथे अस्वल आलं होतं आणि तू आधी सँडविच वाचवलंस.

मधल्या कातळावर बसलो. त्याला दम लागला होता, बोलणं थोडं जड झालंय. म्हणाला, गार्थ, सगळे फोर्क चांगले होते हं. मी म्हटलं की हा सगळ्यात चांगला आहे. म्हणाला, अरे शहाण्या, टर्की कापायला दिली ना तुला, तेव्हाच डॉक्टरांनी मला शंका सांगितली होती. कोलीन म्हणायची, त्याला सांग, फोर्कने काही होणार नाही, उगाच पळतोय बिचारा. मीच तिला थांबवलं. म्हटलं, पळू दे. त्याच्या हाताला काही काम असलं की तो बरा असतो. नाहीतर इथे येऊन रडत बसेल, आणि मग आजारी मी आणि सांभाळायचं त्याला.

मी रडलो. सगळा हिवाळा साठलेलं बाहेर आलं. तो म्हणाला, बघ, म्हटलं होतं ना. त्याला माझ्या खांद्यावर हात टाकायचा होता. तो वर येत नव्हता. मी उचलून ठेवला.

मग उठलो आणि उरलेली वाट उतरलो.

खाली कोलीनने फळी आणली होती. अक्षरं तिने कोरलेली, वॉरनने शेजारी बसून आरडाओरडा केलेला. नाव: गार्थचा निष्कर्ष. लोकांनी विचारलं हे काय नाव. वॉरन म्हणाला, वाकडी आहे, उगाच लांबण लावते, आणि निघते भलत्याच ठिकाणी. पण जाताना बरं वाटतं.

दुसरं चाक माझं होतं. मी नको म्हणत होतो. वॉरनने दटावलं, वर जा, नीट उतरून ये, मी इथे बसून ऐकतो. गेलो. माझ्या सायकलला तो दांडा आखूड झालेला काळा फोर्क. एकाही दगडाचा दणका हाताला लागला नाही, इतका चांगला आहे. डोळ्यांपुढे मात्र काही धड दिसत नव्हतं. आम्हीच बांधलेली वाट म्हणून खाली पोचलो.

१९ मे, मंगळवार.

वॉरनकडे वेळेवर पोचलो. खिसे रिकामे.

तिन्ही फोर्कांबद्दल एक शब्दही निघाला नाही. तो खिडकीतून डोंगर बघत होता. मी त्याच्या शेजारी बसून तोच डोंगर बघितला. काही करायला नव्हतं. असं बसायला मला येत नाही, पण बसलो.

२१ मे, गुरुवार.

दर गुरुवारी दोन डॉलर भरून उतरायच्या सायकल शर्यती सुरू झाल्या. या मोसमातली पहिली. गेलो नाही. स्टूचा निरोप आला की तुम्हा दोघांची सुरुवातीची जागा रिकामी ठेवली होती, कोणी उभं राहिलं नाही.

मी वॉरनकडे होतो. मक्याचं सूप. दोन्ही हातांनी चमचा तोंडापर्यंत नेताना अर्धं सांडलं, मग कोलीनने भरवलं. तो म्हणाला, हॉटेलसारखी सेवा आहे. मग तोंड भिंतीकडे वळवलं. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन कॉम्प्युटर लावला. अशा हातांसाठी चमचे मिळतात. मूठ फोमची, जाड आणि हलकी, बोटं न मिटताही राहते. काहींना पट्टा असतो, तळहातावर बांधायचा. काहींची मान वाकवलेली असते, म्हणजे मनगट वळवावं लागत नाही. ऑन्टारिओची एक बाई लिहिते की वाकडीच मान घ्या. दुसरा म्हणतो, साफ चूक, सरळच घ्या. पानं भरून वाद चाललाय.

सगळी पानं वाचली. कागदावर डावीकडे वाकडा, उजवीकडे सरळ, असे दोन रकाने आखायला घेतले आणि पेन ठेवलं.

चमच्याने काही बरं होत नाही, हे मला माहीत आहे. फोर्कनेही होणार नव्हतं, तेही माहीत होतं. वाकडा घ्यायचा की सरळ, ते उद्या त्यालाच विचारतो.